सुई नाय, धरतात ते

माझ्या भाचीला सुईची भीती वाटते, ही गोष्ट तिच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सगळ्या लोधिवलीत विनोद म्हणून पसरवली होती. पंधरा वर्षांची, माझ्याहून उंच पोरगी. शाळेत दहावीच्या मुलांना धनुर्वाताची लस द्यायची होती, त्या दिवशी ती संडासात कडी लावून बसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून विचारलं, "पुढं बाळंतपण कसं करशील गं?" शिकवायचा पगार घेणारी बाई ती. वर्ग हसला. बाईही हसल्या.

दादाचा उपाय त्याहून थोर. "कर्जतला कपडे घ्यायला जाऊ," म्हणून तिला गाडीत बसवलं आणि वाटेत चौक गावात एका दवाखान्यासमोर गाडी थांबवली. पोरीने दरवाजा धरून ठेवला. मग दादाने शेजारच्या गॅरेजमधले आपले दोन मित्र बोलावले. तिघा बाप्यांनी मिळून एका मुलीला खाली उतरवलं, टपरीवरचे लोक चहा पीत बघत राहिले. आत नेताच ती पांढरी पडली आणि कोसळली. डॉक्टरांनी सांगितलं, "अशी धरून आणलेल्या मुलीला मी सुई लावणार नाही."

घरी येऊन दादा डॉक्टरलाच नावं ठेवत होता. "एवढीशी सुई. नाटकं हायेत सगळी," असं म्हणत त्याने भाकरी मोडली. वहिनी मान खाली घालून वाढत होती. ते ताट त्याच्यापुढून उचलून न्यावं असं मला वाटलं.

जेवण झाल्यावर मी भाचीला मागच्या ओट्यावर घेऊन बसले. तिला आजवर कुणीच न विचारलेली एक साधी गोष्ट विचारली. "नेमकं काय होतं गं तुला?"

ती ओट्याचा पोपडा काढू लागली. मग म्हणाली, "दुखायचं काय नाय, आत्या. धरतात ना, ते. लहानपणी पप्पांनी पाय धरलेले, काकानं डोकं. मी थांबा थांबा म्हणत होते. आता सुई दिसली तरी तेच वाटतं. मग डोळ्यासमोर अंधारी येते."

म्हणजे रोग घरातच तयार झाला होता, आणि तयार करणारेच त्याच्यावर हसत होते.

तिला मी एकच शब्द दिला, की तुला कुणी हात लावणार नाही. चक्कर येणाऱ्यांनी अंग सैल सोडायचं नसतं, उलट मांड्या आणि पोट घट्ट आवळायचं, थोडं सोडायचं, पुन्हा आवळायचं, हे मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही दोघी ओट्यावर बसून ते करत राहिलो. तिला मध्येच हसू आलं.

पुढच्या आठवड्यात मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. कुठे जातोय आणि कशाला, हे तिला आधीच सांगितलं होतं. ती उताणी झोपून सुई घेणार, आणि ती सांगेल तेव्हाच टोचायचं, असं मी नर्सबाईंना म्हटलं.

"एवढे लाड?" नर्स म्हणाली.

"हो, एवढेच," मी म्हटलं.

नर्सने सुस्कारा टाकला, पण खाट मोकळी करून दिली. भाचीने भिंतीकडे तोंड केलं. पाय आवळलेले मला दिसत होते. कापूस दंडाला लागताच ती ओरडली, "थांबा."

नर्स थांबली. कपाळाला आठ्या घालून का होईना, थांबली. भाचीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, खरंच थांबलीय का ते. मग पुन्हा भिंतीकडे वळून म्हणाली, "आता द्या."

झालं. ती रडली, नाक पुसलं, थोडा वेळ पडून राहिली. चक्कर आली नाही. भीती गेली का, विचारलं तर म्हणाली, "नाय. पण पुढच्या वेळी पण मीच सांगीन, कधी ते."

संध्याकाळी दादाने तिचा जुना फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'माझी वाघीण. बापाचं काळीज.' आणि वाघाचं चित्र.

भाचीने मोबाईल त्याच्यासमोर धरला. "पप्पा, काढा हे. तुमी तिथं नव्हता."

"अगं, कौतुकच केलंय ना," दादा म्हणाला, आणि आलेले अंगठे मोजत बसला. त्याने ते काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आपोआप गेलं.