सीट दोन बोटं वर

आमच्या घरात खुर्ची नव्हती. टेम्पोच्या सीटा होत्या. आप्पांचं कुशनचं दुकान म्हणजे घराचाच पुढचा अर्धा भाग, आणि दुरुस्तीला आलेली सीट गिऱ्हाईक नेईपर्यंत आमचं फर्निचर. दहावीचा अभ्यास मी एका जीपच्या मागच्या बाकावर केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी जीपवाला बाक घेऊन गेला, मग उरलेला भूगोल फरशीवर. पुढं रेडिमेड कव्हरं आली आणि सीटा येईनाशा झाल्या. घर एकदम ऐसपैस झालं. त्या वर्षी दोन्ही वेळा भाकरी-चटणी होती आणि बसायला गोणपाट.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. नोकरीसाठी कोलकात्याला आले, बेहाला नावाच्या भागात वरचा मजला भाड्यानं घेतला, तेव्हा घरमालकांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या दुकानाचंही सांगितलं, आणि तिथंच अडकले.

घरमालकांना मी इथल्या रीतीप्रमाणं मेसोमोशाय म्हणते, म्हणजे मावसोबा, आणि त्यांच्या बायकोला मासीमा, म्हणजे मावशी. मेसोमोशाय मला लेकीसारखं 'मा' म्हणतात. दोघं माझ्याशी हिंदी-बंगालीची मिसळ बोलतात. मी मराठीत लिहितेय. खाली गॅरेजात मेसोमोशायांची तरुणपणची लाल स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीटा, वर कापडी टप, आणि ठेंगणी इतकी की रिक्षातला माणूससुद्धा तिच्याकडं वरून बघतो. जुन्या गाड्यांची रॅली रविवारी होती. इंजिन ठीक होतं, सीटांमधल्या फोमचा मात्र भुगा झाला होता. गल्लीतल्या मिस्त्रीनं महिना मागितला.

"मी करते," मी म्हणाले.

"मा, तू केलंस तर यंदा तुझ्या मासीमासुद्धा शेजारी बसतील," मेसोमोशाय हळूच म्हणाले. रॅलीत जायची त्यांची हौस खरी तेवढ्यासाठीच होती. दरवर्षी शेजारची सीट रिकामी, आणि ओळखीचे लोक मुद्दाम विचारायचे, वहिनी कुठं म्हणून.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मासीमांचं उत्तर आलं. "त्या खड्ड्यात? मागं एकदा बसले होते, तर बाहेर काढायला दोन माणसं लागली. तिसरा नुसता सल्ले देत होता. तो तिसरा म्हणजे हे!"

चार संध्याकाळी मी खपले. जुनी कव्हरं शिवणीवर उसवली, सपाट पसरली, त्यावरून लाल रेक्झिन कापलं. प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये घेऊन कॉम्प्युटरवर नकाशा काढला. कडेची पाइपिंग, म्हणजे गोल गोट, मासीमांच्या मशीनवर घातली, जाड शिवण आप्पांच्या जुन्या दाभणानं हातानं टोचली. आणि नवा फोम भरताना आप्पांचा नियम पाळला: सीट बसून बसून दबते, म्हणून जुन्यापेक्षा दोन बोटं वर भरायची. जुनी तर पार जमिनीला लागलेली. मी अंदाजानं पुष्कळच बोटं वर भरली.

शनिवारी सकाळी मेसोमोशाय धोतर सावरून आत बसले. म्हणजे वर बसले. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले आणि डोकं काचेच्या चौकटीच्या वर निघालं.

"मा," ते म्हणाले, "रस्ता फार छान दिसतोय. फक्त पाय ब्रेकवर पोचत नाही."

"लग्नात एवढे उंच असता तर!" मासीमा म्हणाल्या.

मला हसू येईना. रॅली दुसऱ्या दिवशी. मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मेसोमोशायांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "नमस्कार." मग मला, "काय गं, हे टॅक्टरवर का बसलेत?"

"दोन बोटं वर भरली, आप्पा."

"ती टेम्पोला. डायवरला लांबचं दिसावं म्हणून. गाडीचं माप घेतलंस?"

"मिलिमीटरमध्ये."

"आणि माणसाचं?"

मी मेसोमोशायांच्या अडकलेल्या गुडघ्यांकडं बघितलं.

"एवढं इंजिनेर केलं तुला! आधी माणूस बसवायचा, मग सीट. उसव. खाली रद्दीच्या घड्या घाल, बसव त्यांना, आणि एकेक काढत जा."

मी मेसोमोशायांची सीट उसवली, फोम काढला आणि रद्दी आणली, तर ते बसेनात. छापील अक्षरावर ते बसत नाहीत, सरस्वतीचा अपमान. पानभर बनियनची जाहिरात दाखवली, तरी नाही. शेवटी मासीमांनी कपाटातून कांथा आणल्या, म्हणजे जुन्या साड्यांच्या आपल्या गोधड्याच. घडी करून सहा रचल्या, वर मेसोमोशायांना बसवलं. फोन काचेला टेकवून ठेवला आणि आप्पा तिकडून हुकूम सोडू लागले.

"एक काढ. गुडघा सुटला का? अजून एक. त्यांना म्हणावं ब्रेक दाबा. पोट आत घेऊ नका म्हणावं, उद्या ते बाहेरच येणार."

मी शेवटचं वाक्य भाषांतरित केलं नाही, तरी मेसोमोशायांनी पोट सोडलं.

माप अडीच कांथा निघालं. तेवढाच फोम कापला, दबण्यापुरता जरा जास्त ठेवला, आणि दुपारपर्यंत कव्हर पुन्हा चढवलं. मेसोमोशाय बसले. हात, गुडघे, ब्रेक, सगळं जागच्या जागी.

आता दुसरी सीट. मी दाभण घेऊन वळले तर त्या उंच सीटवर मासीमा बसलेल्या. कधी बसल्या, कळलंही नाही. आमच्या देखत त्या एकट्या उतरल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उतरल्या. गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही.

"हिला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"मासीमा, तुम्ही यांच्यापेक्षा वीतभर उंच दिसाल. वारा तोंडावर येईल."

"येऊ दे. डोक्याला रुमाल बांधीन."

मेसोमोशाय फडकं घेऊन मासीमांच्या बाजूचं दार पुसत राहिले.

फोनमधून आप्पा म्हणाले, "ती सीट बरोबर झालीय. मी भरतो तशी."

रविवारी मेसोमोशायांनी गाडी चालवली आणि मासीमा शेजारच्या सीटवर बसून पूर्ण रॅली फिरून आल्या. घरी आल्यावर एकट्या उतरल्या. दोन्ही सीटांची एकही शिवण उसवली नव्हती.