मायचा उजवा डोळा

त्या दिवशी वावरात फवारणी होती. बाबा पंप पाठीवर घेऊन कपाशीच्या पराटीत फिरत होते आणि माय त्यांना पाणी भरून देत होती. संध्याकाळी ओसरीत बसल्यावर ती हळूच म्हणाली, “दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसून राह्यलं वं.” मीही पाहिलं. मला नुसता दिवा दिसला.

मग तिचं डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या, उजवा डोळा लाल झाला. आमच्याकडे फवारणीनंतर असं झालं की दुसरं कारण कोणी शोधत नाही. बाबा म्हणाले, “औषध लागलं.” शेजारची काकू तिचं तोंड धुऊन देताना हसली, “अळ्या जित्याच, अन् तूच पडली का वं?” बाभुळगावच्या दवाखान्यात विषबाधा समजून सलाईन लावली. उलट्या थांबल्या. डोळा मात्र तसाच राहिला, आणि त्यात बरेच दिवस वाया गेले.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा काचबिंदू आहे. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट एकाएकी बंद होऊन आत दाब वाढला होता. थेंब आणि गोळ्यांनी तो पुरता उतरेना, म्हणून ऑपरेशन ठरलं. डाव्या डोळ्याला तसं होऊ नये म्हणून त्यात लेझरनं बारीक छिद्र पाडलं.

“ऑपरेशन झाल्यावर पहिल्यासारखं दिसन ना?” बाबांनी विचारलं. गावातली मोतीबिंदूची ऑपरेशनं त्यांच्या डोळ्यासमोर होती.

“दुखणं जाईल. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची.”

किती उरली असेल, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

पट्टी सुटली तेव्हा मायनं डावा डोळा हातानं झाकला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. वॉर्डात कोवळं ऊन होतं.

“धुक्यात उभी हायस,” ती म्हणाली. “पण तूच हायस.”

दुखणं गेलं, दाबही उतरला. उजवीकडचं जग काही परतलं नाही. वेचणीत तिच्या त्या बाजूची बोंडं झाडावरच राहतात. कॉलेजला सुटी असली की मी तिच्या उजवीकडची पात धरते. पांढऱ्या वावरात आम्ही दोघी पुढे सरकतो. मधेच ती थांबते, अख्खं तोंड माझ्याकडे वळवते आणि मी दिसेपर्यंत तशीच उभी राहते.