चार दिवस प्राग, काम एकच

मोहफुलं वेचणाऱ्याला विचारा. एका बाजूनं टोपली भरत पुढं जावं, तोवर मागं पुन्हा सडा पडलेला! आमच्या प्रागच्या सहलीचं तसंच झालंय. चार दिवसांची ट्रिप, पण दुकानासमोरच्या बाकावर चहा घेताना एक किस्सा सांगावा, तर त्याच्यामागं दोन उभे.

चामोर्शीत माझं वनोपजाचं दुकान आहे. मोहफूल, हिरडा, डिंक, मध. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं बाजारानं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी नागपुरात माझं बायपास झालं आणि सात महिने मी दुकानामागच्या खोलीत आडवा. तोवर जिनं दुकानात फक्त चहा पाठवला होता, ती माझी बायको शकू गादीवर बसली. सकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. आमच्याकडे माल मापताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. “लाभ… दोन… तीन…” तो ‘लाभ’ कानावर पडला की मी निवांत डोळे मिटायचो. आजही दुकान उघडलं!

पोरगी हैदराबादला नोकरीत. तिनं एकदा विचारलं, “बाबा, आईले कधी थँक्यू म्हटलं का?”

“घरच्या घरात? अन् धन्यवाद म्हटलं तं सत्कार समारंभ वाटते वं!”

“मंग बाहेर जाऊन म्हणा.” तिनं दोन तिकिटंच पाठवली. “चार दिवस हायेत. न म्हणता वापस याचं नाई!”

*

आमच्या दुकानाला कुलूप म्हणजे घरात कोणीतरी गेलं, असं गाव समजतं. आम्ही विमानतळावर रांगेत, तेवढ्यात शेजारच्या किराणावाल्याचा फोन. आवाज रडवेला. “भाऊ, कोन गेलं हो?”

शकूनं फोन ओढून घेतला. “आमी दोघंही! पण सोमवारी वापस येऊन राह्यलो.”

*

प्रागला पोचलो तरी आमचं पोट आणि झोप चामोर्शीच्या घड्याळावर. सगळं शहर झोपेत आणि आम्ही आंघोळ करून तयार! गल्ल्या दगडी, घरं पाच-पाचशे वर्षांची, आणि रस्त्यावर आम्ही दोघं आणि कबुतरं.

त्यामुळे झालं असं, की ज्या दुकानाचं दार उघडे, तिथं पहिलं गिऱ्हाईक आम्हीच. शकू नुसती बघायला म्हणून आत गेली, बाहुल्या पाहिल्या, परत फिरली आणि उंबरठ्यावर थबकली.

“अहो, या बाईची बोहनी हाय. रिकाम्या हातानं कशी निघू?”

म्हणून लाकडी चमचा घेतला. पुढच्या दुकानाचं दारही तेव्हाच उघडलं. तिथं छत्री. मग पितळी घंटी. मग मिशावाला लाकडी राजा, दोरीनं नाचणारा. अकरा वाजेपर्यंत मी हमाल झालो होतो!

“उद्यापासून बारा वाजता निघू,” मी म्हटलं.

“काऊन? तुमच्या दुकानातून पहिलं गिऱ्हाईक तसंच गेलं, तं तुमी दिवसभर कसं तोंड करून बसता, मले मालूम हाय!”

*

दुसऱ्या दिवशी तिथल्या मोठ्या दगडी पुलावर गेलो. दोन्ही बाजूंना पुतळे, खाली नदी, एक म्हातारा व्हायोलिन वाजवत होता. म्हटलं, मुहूर्त हाच. घसा खाकरला.

“शकू, मले तुले काई सांगाचं होतं…”

तिचा चेहरा पांढरा पडला. “छातीत दुखून राह्यलं का?”

“नाई वं…”

“बोलू नका! बसा खाली!” एका हातात माझी नाडी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, मांडीवर गोळ्यांची डबी. व्हायोलिनवाल्यानं वाजवणं थांबवलं आणि आपली टोपी घेऊन मला वारा घालू लागला! चार माणसं जमली. अशा वेळी थँक्यू म्हणालो असतो, तर ते व्हायोलिनवाल्याला लागू झालं असतं.

*

तिसऱ्या दिवशी बाजारात एका म्हाताऱ्याचं मधाचं दुकान दिसलं. माझे हात शिवशिवले. पण मी पुढं होण्याआधीच शकूनं काडीवरचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि बोट तिरकं केलं. थेंब जागचा हलला नाही, म्हणजे मध अस्सल. म्हाताऱ्यानं पाहिलं. त्यानंही आपल्या नखावर थेंब घेतला, बोट तिरकं केलं. दोघंही हसले. त्यानं तिला बसायला आपलं स्टूल दिलं.

“आमच्या जंगलातलं थोडं आंबट राह्यते, भाऊ,” ती म्हणाली. तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. ती म्हणाली, “हौ ना, पानी पडलं की तसंच होते.” पंधरा मिनिटं हे चाललं! नखाची ही पारख मी कोणाला शिकवली नव्हती. भिंतीपलीकडे त्या सात महिन्यांत तिनं काय काय कमावलं, ते मला त्या परक्या बाजारात दिसलं. डोळ्यात पाणी आलं, पण हातात पिशव्या.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. हा कोण?

“हे?” शकू म्हणाली. “हे माह्या दुकानात राह्यतात.”

*

चौथा दिवस आला. संध्याकाळी विमान. त्याआधी एका जुन्या बुरुजावर चढायला गेलो, तर पायऱ्याच पायऱ्या. शकू म्हणाली, “डॉक्टरनं हळू चढाले सांगतलं हाय. मी मोजते, तुमी माह्या मोजण्यावर चाला.” आणि सुरू झाली. “लाभ… दोन… तीन…”

मागं दोन गोऱ्या पोरी होत्या. पन्नासाव्या पायरीवर शकू दम खायला थांबली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर त्या पोरीही मोठ्यानं “लाभ!” मग सगळा जिना “लाभ, दोन, तीन” करत वर निघाला. अंधाऱ्या गोल जिन्यात तो आवाज भिंतीवरून फिरून येत होता, आणि मला वाटलं, मी खोलीत आडवा आहे आणि पलीकडे दुकान उघडलं आहे.

वर पोचलो. खाली सगळी लाल कौलं. शकू कठड्याला टेकून पाहत होती. मी पिशव्या खाली ठेवल्या. दम लागला होता, पण आता थांबलो असतो तर हैदराबादच्या पोरीला काय तोंड दाखवलं असतं?

“शकू, त्या सात महिन्यांचं… थँक्यू.”

ती वळली नाही. खालच्या कौलांकडे पाहत तिनं पदर सारखा केला, एक बोट मिटलं आणि म्हणाली,

“लाभ.”