धुतलेली गाडी

मुकुटबनच्या उकंडा ठमक्याचं तीस वर्षांपासून बिछायत केंद्र आहे. लग्नाकार्याला सतरंज्या, पराती, स्वयंपाकाचे मोठे गंज तो भाड्यानं देतो. माणूस फटकळ, पण मागून आणलेली वस्तू घासूनपुसूनच परत करायची, ही त्याच्या आईची शिकवण.

म्हणून पोरीच्या साखरपुड्यासाठी यवतमाळहून भाड्यानं आणलेली कार त्यानं परत नेण्याआधी स्वतः धुतली. तिथंच घात झाला. आणताना दारावर धुळीचा थर होता. त्याखालचा हातभर चरा आता उघडा पडला. कंपनीच्या मॅनेजरनं चऱ्यावर बोट ठेवलं आणि डिपॉझिट अडवलं.

"आधीचाच आहे हा! मी गाडी धुतली म्हणून तुले दिसून राह्यला!"

मॅनेजरनं गाडी देतानाचा फोटो समोर धरला. फोटोत मातकट दार होतं, चरा नव्हता.

"काका, धुवाले कोणं सांगतलं होतं तुमाले?"

उकंडानं येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. डिपॉझिट गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या इंदूबाई नातवाच्या बारशाला नेलेला गंज परत घेऊन आल्या. राखेनं घासून आरशासारखा लख्ख केलेला. परत आलेलं भांडं उकंडानं तीस वर्षांत कधी उलटून पाहिलं नव्हतं. आज त्यानं गंज उन्हात धरला, बुडाशी बोट फिरवलं.

"हा पोचा कायचा, इंदूबाई?"

इंदूबाईंचा चेहरा उतरला. "नेला तवाच होता तो, भाऊ."

"मंग इतका घासला कायले?"