हेडफोनमधली बायको

बायको गेली आणि घरात माझ्यावर ओरडणारं कोणी उरलं नाही. सून ओरडत नाही, समजावते. ते जास्त वाईट.

मुलगा मुंबईला नोकरीला. सून इथे रत्नागिरीत, मांडवीच्या घरात कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं घेते. त्या कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, आणि खुंटीला अडकवलेला कान झाकणारा जाड हेडफोन. माझं शिक्षण विचारू नका. सातवीत मास्तरांना माझा कंटाळा आला, मला त्यांचा आधीच आला होता.

बायकोला मोबाईलवर लिहिणं जमत नसे. ती मुलाला बोलूनच निरोप पाठवायची. बटण दाबून धरायची आणि मासळीचा भाव करताना बोलावं तशी मोठ्याने बोलायची. ती गेल्यावर मुलाने ते सगळे निरोप गोळा करून कॉम्प्युटरात ठेवले. "बाबा, आठवण आली की ऐका," म्हणाला. शहाणा मुलगा. पण बायकोची थोरली बहीण दिवसकार्याला पालीहून आली होती. तिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो. हे तिच्या कानावर गेलं आणि तिने फर्मान काढलं.

"वर्षश्राद्ध होईस्तोवर गेलेल्या माणसाचा आवाज घरात काढायचा नाय. जीव मागे वळतो. त्याची वाट मोडते."

सून घाबरली. मला म्हणाली, "बाबा, वर्षभर ऐकू नका हं. ऐकलंत तर मी ते सगळं पेनड्राइव्हवर काढून मुंबईला पाठवून देईन."

माझ्या मनात आलं, जीव मागे वळला तर बरंच की. चहा तरी धड मिळेल. पण वर्षभर तिचा आवाज नाही म्हणजे माझं कसं होणार, हे मी कोणाला सांगणार?

मग विचार केला. आक्का काय म्हणाली? घरात आवाज काढायचा नाही. कानात काढायचा नाही, असं ती म्हणाली नव्हती.

कॉम्प्युटर कसा चालू करायचा ते माझ्या शाळकरी नातीने दाखवलं होतंच. दुपारी नात शाळेत गेली आणि सून आडवी झाली की मी हेडफोन चढवायचो. "काय ऐकता एवढं?" सुनेने एकदा विचारलं. "कीर्तन," मी म्हणालो. त्या दिवसापासून ऐकताना अधूनमधून मान डोलवायला लागलो. एकदा टाळीसुद्धा वाजवली. तेव्हा बायको मुलाला सांगत होती की तुझ्या बापाने पुन्हा चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवला.

मला वायरीतलं कळत नाही, पाण्यातलं कळतं. विहिरीच्या पंपाला दोन पाइप असले की एकाचा कॉक बंद करायचा, पाणी दुसऱ्यात जातं. मी समजलो, हेडफोनची पिन खुपसली की स्पीकरचा कॉक आपोआप बंद होतो. तोवर तसंच होत आलं होतं.

एक दिवस आक्का बाजाराला म्हणून रत्नागिरीत आली आणि दुपारी आमच्याकडे टेकली. येताना कुळथाच्या पिठीचा डबा आणला होता. सून आणि ती ओटीवर चहा घेत बसल्या.

"तुमचं चालू दे," मी म्हटलं. "मी जरा कीर्तन ऐकतो."

"ऐका वो भावोजी, पुण्य लागेल."

पिन खुपसली, हेडफोन चढवला, एक निरोप लावला. आवाज अगदी बारीक. कान माझे निम्मे गेलेलेच, त्यावर ते जाड हेडफोनचे उशीसारखे गोळे. म्हणून आवाज वाढवला. तरी बारीकच. पार टोकाला नेला. सकाळी सुनेने तिच्या कामाच्या बोलण्यासाठी कॉम्प्युटरात स्पीकर निवडून ठेवले होते, हे मला कुठे ठाऊक? माझ्या कानात काही नव्हतंच. जे होतं ते ओटीवर चाललं होतं.

"अरे, उद्या आक्का येणार," बायको मुलाला सांगत होती. "पिठी आणणार डबाभर. ती खायची नसते रे, तिने कुंपणाच्या गडग्याचे चिरे चिकटवायचे असतात. तुझे बाबा तोंडावर वा वा करतात आणि ती गेली की डबा कुत्र्याला. कुत्रासुद्धा हुंगून मागे फिरतो!"

मी मान डोलवत होतो. वळून बघतो तर दारात सून, तोंडावर हात. तिच्या मागे आक्का, हातात डबा.

मी हेडफोन काढला. संपलं, म्हटलं. चालली बायको मुंबईला.

आक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली.

"मेली! माझ्या पिठीला नावं ठेवतेस? तुझ्या घावन्याला कदी जाळी पडली काय गो? चांबडं नुसतं! आईने मला पिठी शिकवली तेव्हा तू शेंबडी होतीस!"

"आक्का," सून हळूच म्हणाली, "मी हे आजच काढून टाकते."

"हात तर लाव!"

"पण जीवाची वाट मोडेल ना, आक्का?" मी साळसूदपणे विचारलं.

"मोडू दे. मला बोलून जाते कुठे? आधी माझं ऐकून घेऊ दे. आणखी काय काय बोललीय ती? लावा. आणि ते कानाचं द्या हिकडे, सगळ्या मांडवीला नको ऐकू जायला."

सुनेने मग मलाही दाखवलं. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, ते दाबायचं. शेजारी बाण आहे, तो दाबला की दोन नावं येतात, एक स्पीकरचं, एक हेडफोनचं. हवं ते निवडायचं. म्हणजे कॉक होता, पण आतल्या बाजूला.

आक्काने अंबाड्यावरून हेडफोन ओढून बसवला आणि माझी खुर्ची घेतली. आता बायकोचा आवाज तिच्या एकटीच्या कानात. आम्हाला ऐकू येत होती फक्त आक्का, आणि ती पार मांडवीच्या जेटीपर्यंत जात असणार.

"खोटं! साफ खोटं!... हां, ते खरं... अगो, तो फणस मी नाय, आईने दिलता तुला!" मग ती हसली, हसता हसता पदराने नाक पुसलं आणि पुढचा निरोप लावायची खूण केली.

पालीच्या गाडीची वेळ टळून गेली. मी खुर्चीमागे उभा.

"आक्का, आता मला द्या जरा."

तिला ऐकू गेलं नाही. मी खांद्याला हात लावून पुन्हा मागितला.

तिने न वळताच हात वर केला. "थांबा वो भावोजी. आम्ही बोलतोय."