उलटा कागद

मुदखेडच्या तहसीलसमोर माझं आणि शेजाऱ्याचं अशी झेरॉक्सची दोन दुकानं लागून आहेत. माझं मशीन नवं, त्याचं जुनं खडखडतं, तरी रांग कायम त्याच्याकडं. मी कित्येक वर्षं त्या रांगेवर जळत आलोय.

त्याची एक खोड होती. गिऱ्हाइकानं कागद पुढं केला की तो म्हणायचा, "उलटा करा, मंग द्या." लिहिलेली बाजू तो बघायचाच नाही. बिघडलेली प्रतसुद्धा तशीच उलटी परत द्यायचा. मी मात्र सगळं वाचायचो. कुणाची फारकत, कुणाची वाटणी, मला तोंडपाठ.

मागच्या महिन्यात गावात मोर्चाची पत्रकं वाटली गेली. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातला पोलीस आला. आधी त्याच्याकडं गेला. "पत्रकं कोणी काढून नेली? नावं सांग."

"मी कागद वाचत न्हाई, साब. कोणाचा काय हाय, मला कसं म्हाईत?"

त्याला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. मग पोलीस माझ्याकडं आला. मी सगळं वाचलेलं होतंच; तीन नावं सांगितली, चहाही पाजला.

संध्याकाळी शेजारी ठाण्यातून परतला, मशीन पुसलं आणि शांतपणे घरी गेला. त्या शांतपणावर मी रांगेपेक्षाही जास्त जळलो.

काल त्या तिघांतल्या एकाची बायको जामिनाचा कागद घेऊन आली. त्याच्याकडं रांग होती, मी रिकामाच होतो.

"या वहिनी, लगेच काढून देतो," मी म्हणालो.

ती थांबली नाही. माझ्या दुकानासमोरून जाताना तिनं हातातला कागद उलटा केला आणि छातीशी धरला.