फ्रिडोनं वाजवून पाहिलेलं पातं

आमच्या धावपट्टीवर फ्रिडोलिन लुक्सिंगरला कुणी कसलंही पद दिलेलं नव्हतं. आम्हा हौशी विमानवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष ड्वेन स्टॉफाखर होता, पॅनकेकचा तवा माझ्याकडे होता, आणि बाकीच्यांकडे गवत कापायच्या पाळ्या होत्या, ज्या ते इमानेइतबारे चुकवत. तरी शनिवारी सकाळी फ्रिडोनं मान डोलावल्याशिवाय एकही विमान जागचं हलत नसे. खिशातून तो जुनं चांदीचं नाणं काढायचा, रांगेतल्या एकेका विमानापुढे उभा राहायचा आणि प्रॉपेलरचं पातं बुडख्यापासून टोकापर्यंत वाजवत जायचा, मडकं घेताना वाजवून घेतात तसं. टणटणीत वाजलं तर मान डोलवायची. बद्द वाजलं तर नाणं खिशात टाकून मालकाच्या खांद्यावर हात ठेवायचा. मालक काय समजायचं ते समजायचा आणि मुकाट्यानं पॅनकेक खायला यायचा.

हा हात मूळचा चीजवरचा. फ्रिडोची सगळी नोकरी आमच्या गावच्या चीज कारखान्यात गेली. तळघरातल्या फळ्यांवर गाडीच्या चाकाएवढ्या चीजच्या चकत्या पिकत पडलेल्या असायच्या आणि हा त्यांच्यावर टिचक्या मारत हिंडायचा. आत भोकं नीट धरलीत की भेग गेलीय, हे त्याला न कापता कळे. निवृत्त झाल्यावर इतर लोक मासे मारतात. यानं गोठ्यात विमान बांधायला घेतलं. विस्कॉन्सिनमध्ये ज्याच्याकडे रिकामा गोठा आहे त्याला एकदा तरी ही बाधा होतेच. मलाही झाली, म्हणून मी हसत नाही.

विमान आम्ही सगळेच बांधतो, पण प्रॉपेलर बहुतेक जण विकत आणतात. फ्रिडोनं तोही घरीच केला. लाकडाचा गाभा, त्यावर राळेनं चिकटवलेले फायबरचे थर, वर साईच्या रंगाचा हात. दिसायला देखणा. पण असल्या पात्याला दुखणं लागतं ते आतून. थर एकमेकांपासून सुटत जातात आणि वरचा रंग तसाच तुकतुकीत राहतो. मग कधीतरी आकाशात पात्याचा तुकडा उडतो, तोल जातो, आणि इंजिन थरथरून बुडासकट निखळतं. त्यापुढचं आम्ही पॅनकेक खाताना बोलत नाही.

त्याची बायको लव्हॉन त्या विमानात कधीच बसली नव्हती. विमान तयार झालं त्या दिवसापासून फ्रिडो तिला विचारत आला होता. ती म्हणायची, "तुझं चीज मी बिनतक्रार खाल्लं. तेवढा विश्वास एका जन्माला पुरे." तो हसायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारायचा. मागची सीट त्यानं तिच्या मापाची केली होती. दुसऱ्या कुणाला तो त्या सीटवर बसू देत नसे.

मग एका उन्हाळ्यात फ्रिडोचं बिनसलं. एका शनिवारी त्यानं ड्वेनच्या खांद्यावर हात ठेवला, पुढच्या शनिवारी माझ्या, आणि असं करत करत निम्मी रांग जमिनीवर बसवली. इतक्या जणांची पाती एकदम कशी मेली? शेजारच्या जिल्ह्यात एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे पात्याच्या आतलं दाखवणारं यंत्र आहे. मी माझी पाती गोधडीत गुंडाळून गुपचूप त्याच्याकडे नेली. तिथे दारात ड्वेन भेटला, त्याच्याही बगलेत गोधडी. तो म्हणाला की तो इकडे कोंबड्या बघायला आलाय. मी म्हटलं, मीही.

दोघांचीही पाती ठणठणीत निघाली. बिघडले होते ते फ्रिडोचे कान.

आता कुठल्याही शहाण्या गावात कुणीतरी जाऊन त्याला सांगितलं असतं. आमच्याकडे माणूस बुडत असला तरी आधी हवापाण्याची चौकशी करून मग दोर टाकतात. म्हाताऱ्याचा मान राहावा म्हणून एक अलिखित व्यवस्था सुरू झाली. ज्यानं त्यानं आपलं पातं गुपचूप शेजारच्या जिल्ह्यातून तपासून आणायचं आणि शनिवारी फ्रिडोपुढे निरागस चेहरा करून उभं राहायचं. त्याचा हात खांद्यावर पडलाच, तर दोन आठवडे कळ काढून तेच पातं नवीन म्हणून दाखवायचं. पण हे फार दिवस करावं लागलं नाही. पुढच्या वर्षापासून फ्रिडो सरसकट सगळ्यांना पास करू लागला. आम्हाला वाटलं, बरं झालं, आता तर कटकटच मिटली. किती छान गुण्यागोविंदानं चाललंय म्हणून आम्ही आमचीच पाठ थोपटून घेतली.

एका शनिवारी मी कॉफीचा कप घेऊन रांगेवरून जात होते. फ्रिडोचं विमान नेहमीसारखं पहिलं उभं होतं. पात्याच्या बुडख्याशी, मागच्या बाजूला, केसाएवढी एक काळी रेघ दिसली. रंगाला नुसता ओरखडा असता तर ती कोरडी राहिली असती. ही इंजिनाचं तेल पिऊन काळी झाली होती, म्हणजे खाली खोल जात होती. हात लावून बघावं, तर आमच्या फाटकावरच पाटी आहे: मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या विमानाला हात लावू नये. आणि विचारायचं म्हणजे त्याच्या कानांवर विश्वास नाही असं तोंडावर सांगायचं.

मी आडून विचारून पाहिलं. म्हटलं, फ्रिडो, तुझ्या पात्याचा रंग तडकलाय वाटतं. तो म्हणाला की हो, त्यानंही पाहिलाय, पण डोळ्याला रंग दिसतो, आतलं कानाला कळतं, आणि पातं छान वाजतंय. हे वाक्य आम्ही सगळे त्याच्याकडूनच शिकलो होतो, त्यामुळे मी मान डोलावून तव्याकडे परत गेले.

ड्वेननं बैठक बोलावली, अर्थातच फ्रिडोला वगळून. सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की फ्रिडोला सांगितलं पाहिजे, आणि तितक्याच एकमतानं ठरवलं की दुसऱ्या कुणीतरी सांगितलं पाहिजे. तोवर म्हणून ड्वेननं शुक्रवारी संध्याकाळी जाऊन त्याच्या चाकातली हवा काढली. विमानाला हात न लावण्याच्या नियमाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला की चाक म्हणजे काही विमान नव्हे. शनिवारी फ्रिडोनं चाक पाहिलं, खडी फार टोकदार झालीय म्हणाला, आणि उडायचं सोडून झाडू घेऊन सगळी धावपट्टी झाडत बसला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. आमची धावपट्टी इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

आणि नेमकं त्यानंतर लव्हॉन हो म्हणाली. नदीपलीकडे आयोवात तिची बहीण आजारी होती आणि लव्हॉनचे गुडघे गाडीतल्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते. तिनं जेवताना सहज म्हटलं की ने मग तुझ्या त्या खटाऱ्यातून. फ्रिडोनं ही बातमी मला फोन करून सांगितली आणि लगेच तीच बातमी पुन्हा एकदा सांगितली. मी फोन ठेवला आणि ड्वेनला लावला. ड्वेन म्हणाला की हवा काढायचं काम तो करेलच. पण फ्रिडोनं त्या शुक्रवारी विमान घरच्या गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. घरामागच्या कुरणावरून पहाटे उडून तो आमच्याकडे आला.

दोघांना घेऊन उडायला ते कुरण अपुरं, म्हणून लव्हॉन मागून गाडीनं आली. अंगात चर्चला जायचा निळा कोट, हातात बहिणीसाठी केकचा डबा. सगळी मंडळी कॉफी घेऊन उभी राहिली, लग्नाला जमल्यासारखी. फ्रिडोनं नाणं काढलं आणि पातं वाजवायला लागला. टोकाशी टण्, मध्ये टण्, आणि बुडख्याशी बद्द. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं. फ्रिडोनं मान वर करून लव्हॉनकडे पाहिलं, हसला, आणि मान डोलावली.

ड्वेन बुटांकडे बघत होता. मला त्याचा राग आला, स्वतःचाही आला. मी कप खाली ठेवला.

"फ्रिडो, ते पातं मेलंय."

"काय म्हणालीस, अर्लीन?"

"मेलंय म्हणाले. बद्द वाजलं. सगळ्यांनी ऐकलं. तुला ऐकू येत नाही, फ्रिडो."

फ्रिडोनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग नाणं माझ्या हातात दिलं. मी पुन्हा वाजवलं, बुडख्याशी, हळू. तो पात्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. एवढंच बघून त्याला कळलं.

मला वाटलं आता तो चिडेल. पण त्याचा चेहरा पांढरा पडला तो दुसऱ्याच विचारानं. "आणि तुमची? मी तुम्हा सगळ्यांना पास करत आलो. इतक्यांना हवेत पाठवलं मी."

मग ड्वेनला सांगावंच लागलं. शेजारच्या जिल्ह्यातला मिस्त्री, त्याचं यंत्र, गोधड्या, कोंबड्या, सगळं. सांगताना तो अध्यक्षासारखा अजिबात दिसत नव्हता. फ्रिडोनं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे त्याचे ओठ वाचून घेतले. मग त्यानं पात्यावरून हात फिरवला.

"मला वाटायचंच," तो म्हणाला. "त्या उन्हाळ्यात एकामागून एक पाती बद्द वाजायला लागली, तेव्हाच कळलं की दोष पात्यांत नाही. पण नाणं सोडवेना. मग मी तुमच्या तोंडाकडे बघून ठरवायला लागलो. मालक निवांत दिसला की पातं चांगलं. चीज विकत घेणाऱ्याचा चेहराही मी असाच वाचायचो. तुमच्या बाबतीतही एकदाही चुकलो नाही."

"आम्ही तपासून आणलेलं असायचं रे," ड्वेन म्हणाला.

"हो, ते आत्ता कळलं." फ्रिडो म्हणाला. "माझ्याच विमानापुढे तेवढं वाचायला कुणाचं तोंड नसायचं. आज लव्हॉन होती."

लव्हॉन केकचा डबा छातीशी धरून उभी होती. इतकी वर्षं विमानाला घाबरलेली बाई, पण मघाशी तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. मी स्वतः पाहिलं होतं.

"मी निवांत होते," ती म्हणाली, "कारण तू वाजवत होतास."

तिनं डबा माझ्या तव्याशेजारी ठेवला आणि कोटाची बटणं सोडायला लागली.